नॅपकिनचं डावं टोक

शिडीला बाकावरून उठवून वर प्रेक्षकांत बसवायचं मी ठरवलं, त्याला निमित्त झाली सासूबाईंची कात्री.

माझे फोटो पेपरात यायला लागल्यापासून सासूबाई ते कापून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवतात. फुटबॉलमधलं त्यांना काही कळत नाही, पण सुनेचा फोटो छापून येतो म्हणजे काहीतरी बरं करत असेल, एवढा त्यांचा विश्वास. त्या दिवशी मात्र पेपर टेबलावर पसरून, कात्री हातात धरून त्या नुसत्याच बसल्या होत्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"कुठून कापू तेच कळेना. तू आहेस कुठे यात?"

मी वाकून पाहिलं. खाली छापलं होतं, राष्ट्रीय महिला संघाच्या हंगामी प्रशिक्षक, आणि पुढे माझं नाव. वर फोटोत शिडी उभी होती, बुटांपासून केसांपर्यंत अख्खी, हातात पाण्याची बाटली. तिच्यामागून माझा एक कान दिसत होता आणि थोडंसं कोपर.

"ही उंच बाई कोण गं? दर फोटोत तुझ्या पुढे असते."

"माझी सहायक आहे ती."

"तुमच्यात सहायक पुढे उभी राहते होय?" असं म्हणून सासूबाईंनी माझा कान तेवढा नीट कापला आणि डब्यात ठेवला.

नवरा चहा पीत होता, तो खो खो हसला. "कान तरी मिळाला! पुढच्या मॅचला नाक मिळेल." मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो कप घेऊन गॅलरीत गेला. पण माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. मी बिस्किटांचा डबा उघडून सगळी कात्रणं टेबलावर मांडली. कान, कोपर, कपाळ, एकात नुसता बूट. आणि जिथे जिथे कात्री फिरली होती, तिथे कडेला शिडीचा खांदा.

शिडी म्हणजे आमच्या संघाची जुनी उजवी बचावपटू. ताडमाड उंच, म्हणून पोरींनी ठेवलेलं नाव. ती खेळत होती तेव्हा मी सहायक होते. गुडघा गेला तेव्हा तिला प्रशिक्षणात मीच आणलं आणि हंगामी का होईना, पण मुख्य प्रशिक्षक झाल्यावर माझी सहायक म्हणूनही मीच घेतलं. दुसरं कोणी घेतलं असतं का? नाव काढू नका. आणि हीच आता माझ्या पुढे उभी राहत होती.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, नाहीतर वाटेल ही बाई उगाच कोणाच्या वाइटावर आहे. मी चार मुख्य प्रशिक्षकांच्या हाताखाली काम केलं. चौघेही पुरुष, चौघेही बाहेरून आलेले. येताना मोठमोठ्या योजना घेऊन यायचे आणि भिंतीवरचा रंग वाळायच्या आत जायचे. मला कोणी हलवलं नाही, कारण सामान कुठे ठेवलंय आणि कुठली पोरगी कशाने रडते हे फक्त मला माहीत होतं. चौथा गेला त्याच्या थोडं आधी संघटनेच्या सचिवांनी मला गाठलं. केबिनमध्ये नाही बोलावलं. कॉरिडॉरमध्ये पाण्याच्या कूलरपाशी उभे होते, हातात कागदी पेला, नजर पेल्यात. म्हणाले, "वेळ आली तर सांभाळाल ना?" मी हो म्हटलं. का नाही म्हणायचं? लाजायचं काय त्यात? पण तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की ठाऊक झाली. कुणाचं डोकं उडवायचं असलं की सचिवसाहेबांना तहान लागते.

आणि गेल्याच आठवड्यात मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच कूलरपाशी शिडी आणि सचिवसाहेब. दोघांच्या हातात कागदी पेले. मला बघितल्याबरोबर सचिवसाहेब म्हणाले, "पाणी गार आहे आज!" आणि गेले.

आता सगळं जुळायला लागलं. मी खोलीत शिरले की शिडीचा फोन बंद व्हायचा. प्रशिक्षकाचं सगळ्यात वरचं लायसन्स तिने गुपचूप पूर्ण केलं होतं. ते मला तिने नाही सांगितलं, गोलरक्षकांच्या मास्तरांनी सांगितलं, तेही चुकून. हे मास्तर म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात जुने गृहस्थ. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून ते कमीच बोलतात. आणि मॅचमध्ये तर शिडीने कहर केला होता. मैदानाच्या कडेला प्रशिक्षकासाठी एक चौकोन आखलेला असतो. त्यात एका वेळी एकानेच उभं राहून ओरडायचं, बाकीच्यांनी बाकावर बसायचं, असा नियम. ही बाई काही ना काही निमित्त काढून उठायचीच. कधी मला पाणी द्यायला, कधी किती वेळ उरला ते सांगायला, कधी नुसतंच बुटाची नाडी बांधायला. बाकांवर लक्ष ठेवणारे चौथे पंच तिला परत बसवायचे, ही पुन्हा उभी. आणि उभी राहणार ती नेमकी माझ्या उजव्या हाताला, मला अर्धं झाकून. फोटोग्राफर त्याच कोपऱ्यात बसतात. मी काय दूधखुळी आहे?

मला ते पद हवं होतं. स्पष्टच सांगते. माझ्या नावाआधीचा तो 'हंगामी' शब्द मला बुटातल्या खड्यासारखा टोचत होता. पात्रता फेरीतली एक मॅच आम्ही जिंकलो होतो, एक बरोबरीत सुटली होती. शेवटची नुसती बरोबरीत सोडवली तरी मुख्य स्पर्धेत जाणार होतो. सचिवसाहेब म्हणाले होते, "निकाल बघू, एकंदर छाप बघू, मग कायम करून टाकू." छाप! माझी छाप काय पडणार, माझा फक्त कान दिसत होता.

आदल्या दिवशी सरावानंतर मी शिडीला सामानाच्या खोलीत गाठलं. ती बॉल जाळीत भरत होती.

"उद्या तू वर बस," मी म्हटलं. "स्टँडमध्ये."

तिचे हात थांबले. "वर? का, ताई?"

"वरून खेळ चांगला दिसतो. काही वाटलं तर मास्तरांना फोन करून सांग."

"मग तुमच्या शेजारी कोण उभं राहणार?"

बघा! पहिला प्रश्न काय, तर शेजारी कोण उभं राहणार. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "कोणी कशाला उभं राहायला हवं? मी काय चक्कर येऊन पडणार आहे?"

"तसं नाही ताई, पण..."

"पण काय?"

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होती, ते तिने गिळलं. "काही नाही. तुम्ही म्हणाल तसं." आणि उरलेले बॉल जाळीत भरायला लागली, एकेक, सावकाश. अपराधी माणूस असाच गप्प बसतो, असं मला वाटलं. बाकावर बसणाऱ्यांच्या नावांतून तिचं नाव मी स्वतः कमी केलं. एकदा ते कमी झालं की मॅच चालू असताना माणूस खाली येऊ शकत नाही, आला तर पंच हाकलतात. मला तेच हवं होतं.

समोरच्या संघाची प्रशिक्षक माझ्या ओळखीची होती. लायसन्सच्या कोर्सला आम्ही एका खोलीत राहिलो होतो. तिला आपण रूममेटच म्हणू. बाई गोड, हसरी, पण डोळे कायम दुसऱ्याच्या खिशात. मॅचआधी हात मिळवताना तिने माझ्या खांद्यावरून आमच्या बाकाकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुमची ती उंच बाई आज दिसत नाही?"

हिला शिडीची चौकशी कशाला? "वर आहे," मी म्हटलं.

"अस्सं!" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, झालं, या दोघींचं साटंलोटं आहे. शिडीचे ते अर्धवट फोन हिलाच जात असणार.

मॅच सुरू झाली आणि माझा संशय पक्का व्हायला लागला. आम्ही डावीकडून चाल करायला जावं तर त्यांच्या तिघी आधीच तिथे हजर. उजवीकडे वळवावं तर सगळ्याजणी उजवीकडे. मी मनात आणायचा अवकाश, त्यांच्या पोरींना कळत होतं. आमची कर्णधार, जिला सगळ्या दादा म्हणतात, ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघायला लागली. असं माझ्याकडे कुणी कधी बघितलं नव्हतं. आमच्या चाली कुणीतरी यांना विकल्यात, दुसरं काय? कुणी, तेही मला माहीत होतं.

मी वर स्टँडकडे पाहिलं. शिडी इतकी उंच की शोधावी लागत नाही. ती कुठे बसली होती? सचिवसाहेबांच्या शेजारच्या खुर्चीत! वाकून त्यांच्या कानाशी काहीतरी सांगत होती आणि बोट माझ्याकडे. मी वर बघत होते तेवढ्यात आमची डावी बचावपटू पुढे गेलेली, तिची जागा उघडी, आणि त्यांनी तिथूनच बॉल नेऊन आमच्या जाळ्यात टाकला. शून्य-एक. मी स्वतःच्या गळ्यातला नॅपकिन असा ओढला की मान भाजली.

हा नॅपकिन माझा नेहमीचा. घाम पुसायला गळ्यात टाकते, खेळत होते तेव्हापासून.

मध्यांतराला कॉरिडॉरमध्ये मास्तर फोन घेऊन आडवे आले. "शिडी आहे. केव्हाची ओरडतेय माझ्या कानात."

"मला नाही बोलायचं."

"मला तरी कुठे बोलायचं होतं? घ्या." त्यांनी फोन माझ्या हातात कोंबला आणि पोरींच्या खोलीत गेले.

"ताई, नॅपकिन काढा," शिडीचा आवाज घाईत होता. "तुम्ही डावं टोक ओढलं की चाल डावीकडून जाते, उजवं ओढलं की उजवीकडून. तुमच्याही नकळत. ती रूममेट बॉलकडे बघतच नाहीये, सगळा वेळ तुमच्या गळ्याकडे बघतेय. मी इथून बघतेय ना! नॅपकिन काढा आणि बाकावर बसून राहा. उठूच नका."

मी भिंतीला टेकले. बाकावर बसून राहा? सचिवसाहेब वर बसलेत, कॅमेरे चालू आहेत, एका गोलने मागे आहोत आणि प्रशिक्षकाने बाकावर बसून राहायचं? छाप बघू म्हणाले होते ना! याहून सोपा मार्ग कुठला होता मला पाडायचा?

"तुझ्या शेजारी कोण आहे?" मी विचारलं.

"सचिवसाहेब. तेच येऊन बसले, मी नाही गेले."

"माझ्याकडे बोट दाखवून काय सांगत होतीस त्यांना?"

"ते विचारत होते, मॅडम एवढ्या चिडल्यात का? ताई, ऐका माझं, एकदा तरी..."

मी फोन बंद केला. पोरींच्या खोलीत गेले, काय बोलले आठवत नाही, टाळ्या वाजवल्या आणि बाहेर आले. नॅपकिन गळ्यातच होता. कुणाच्या सांगण्यावरून मी स्वतःचा नॅपकिन काढू?

पण संशयी माणसाची एक गंमत असते. त्याला कुणाचंच पटत नाही, मग स्वतःचं तरी कसं पटावं? दुसरा हाफ सुरू झाला आणि मी माझ्याच हातांवर पाळत ठेवायला लागले. हात खाली सोडून उभी राहिले. बॉल डावीकडे गेला. बघते तर माझी डावी मूठ छातीपाशी, आणि मुठीत नॅपकिनचं टोक. तो हात तिथे कधी गेला हे देवाशपथ मला कळलं नाही.

तेवढ्यात एक पोरगी पाय धरून खाली बसली. खेळ थांबला, डॉक्टर आत धावली. बॉल कुठे जाणार नव्हता, काही बिघडणार नव्हतं. मी म्हटलं, होऊन जाऊ दे. नॅपकिनचं उजवं टोक ओढलं, जरा जोरात, आणि मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून पलीकडच्या बाकाकडे पाहिलं. रूममेट उभी राहिली, तिने हात हलवला, आणि तिच्या दोन पोरी चार पावलं आमच्या उजव्या बाजूला सरकल्या. मी डावं ओढलं. रूममेटने दुसरा हात हलवला. पोरी परत डावीकडे. खेळ थांबलेला असताना! मी पुन्हा उजवं ओढलं. पुन्हा उजवीकडे.

पायाखालची वाळू सरकणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. शिडी खरं बोलत होती.

आणि अजून एक दिसलं. मी टोक ओढलं की नुसत्या त्यांच्याच नाही, माझ्या पोरीही सरकत होत्या.

मी दादाला हाक मारली. ती पाणी प्यायला कडेला आली. मी तोंडावर हात धरून म्हटलं, "आता नॅपकिनच्या उलट जायचं. सगळ्यांना सांग."

मला वाटलं ती विचारेल, कुठला नॅपकिन? डोकं फिरलंय का तुमचं? पण ती घोट गिळत म्हणाली, "म्हणजे डावं ओढलं तर उजवीकडून?"

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत आहे, मॅडम. बॉल पायात असताना फळ्यावरच्या चाली कोण आठवत बसतं? आम्ही नॅपकिन बघतो."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"शिडीताईने बजावलं होतं. मॅडमना कळलं तर त्या हात बांधून उभ्या राहतील आणि आपण आंधळ्या होऊ, म्हणाली. समोरच्यांच्या बाकाचं मी बघते, म्हणाली." दादाने बाटली फेकली आणि आत पळाली.

समोरच्यांच्या बाकाचं मी बघते. त्यांचा बाक माझ्या उजव्या हाताला. शिडी उभी राहायची माझ्या उजव्या हाताला. पाण्याची बाटली, उरलेला वेळ, बुटाची नाडी. मला तिथेच मैदानात रडू फुटलं असतं, पण वेळ नव्हता.

खेळ सुरू झाला. मी थोडा वेळ थांबले, मग डावं टोक दोन्ही हातांनी धरून असं ओढलं जसं काही घंटा वाजवायची आहे. रूममेट ओरडली, तिच्या पोरी झुंडीने डावीकडे धावल्या, आणि दादाने शांतपणे बॉल उजवीकडे सोडला. तिथे चिटपाखरू नव्हतं. आमची उजवीकडची पोरगी एकटीच धावत गेली आणि तिने तो आत ढकलला. एक-एक. मास्तरांनी मला उचललंच, त्यांच्या वयाला शोभत नाही ते.

पण रूममेट काही खुळी नव्हती. तिने माझ्याकडे बघून मान डोलावली. हे नाटक दुसऱ्यांदा चालणार नव्हतं. आता नॅपकिन सरळ ओढला तरी ती बघणार, उलट ओढला तरी ओळखणार. बरोबरी पुरत होती. गोल राखून बसायचं, बस. मी नॅपकिन काढून मास्तरांच्या हातात दिला. आणि तरी माझा हात गळ्याशी जायचा, कॉलर ओढायचा! खोड जाईना. शेवटी मी बाकावर बसले आणि दोन्ही तळहात मांडीखाली दाबले. तशीच बसून राहिले, शेवटपर्यंत. ओरडायचं काम मास्तरांनी केलं. त्यांना तीनच शब्द येत होते, मागे या पोरींनो, पण तेवढे पुरले. पोरी जीव तोडून खेळल्या. शेवटची शिट्टी झाली तेव्हा माझ्या हातांना मुंग्या आल्या होत्या.

आम्ही मुख्य स्पर्धेत गेलो.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी हर्षाने कात्री चालवली. "आज कशी अख्खी आलीस!" म्हणाल्या. खरंच अख्खी आले होते. हातांवर बसलेली, खांदे वर, मान आत. मला बघूनच ते पान फाडावंसं वाटलं. नवऱ्याने या वेळी विनोद केला नाही, यावरूनच मी काय ते समजले.

सचिवसाहेबांनी मला बोलावलं. केबिनमध्ये नाही. कूलरपाशी.

"अभिनंदन," ते पेल्यात बघून म्हणाले. "निकाल उत्तम. पण दुसऱ्या हाफमध्ये तुम्ही बसूनच होता. टीव्हीवर ते बरं दिसलं नाही हो. परीक्षेला बसलेल्या मुलीसारख्या दिसत होता. समितीला वाटलं, मोठ्या स्पर्धेला जरा उभी राहणारी व्यक्ती हवी."

"म्हणजे उंच," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. "त्यांचा अर्ज आला होता. लायसन्सही आहे. तुम्ही सहायक म्हणून राहावं अशी त्यांची खास अट आहे. विचार करून सांगा." आणि पाणी न पिताच पेला टोपलीत टाकून गेले.

मी सरळ सामानाच्या खोलीत गेले. शिडी तिथे होतीच, पंपाने बॉलमध्ये हवा भरत होती. मुख्य प्रशिक्षक झाली तरी हवा भरतेय, काय पण दाखवायचं एखाद्याने! मी दार लावलं.

"अर्ज केला होतास."

"हो," ती म्हणाली. पंप खाली ठेवला.

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही तुमच्या वेळी चौथ्या साहेबांना सांगितलं होतं का, ताई?"

तोंडात मारल्यासारखं झालं, पण मी कशाला दाखवते! "इतके दिवस माझ्या पुढे उभी राहिलीस. मला झाकलंस. ते खरं होतं?"

"मी खेळायचे तेव्हा मीही त्या नॅपकिनवरच धावायचे. एका दौऱ्यात समोरच्या बाकावरचा माणूस तुमच्या गळ्याकडे बोट दाखवताना बघितला. तेव्हाच ठरवलं होतं, खेळणं सुटलं की तुमच्या आणि त्या बाकाच्या मध्ये उभं राहायचं. तुम्ही सहायक होता तेव्हाही पोरी तुमच्याकडेच बघायच्या, मुख्य प्रशिक्षक कोणी का असेना. म्हणून तर तुम्ही मला हव्या आहात."

"गोड बोलू नकोस. एकच विचारते, आणि खोटं बोललीस तर याच जाळीत तुला भरीन. फोनवर मला बाकावर बस म्हणालीस, तेव्हा तुला माहीत होतं का, वर तुझ्या शेजारी बसलेला माणूस ते बघून काय ठरवेल?"

तिने बॉल उचलला, उगाच फिरवला, पुन्हा ठेवला. कान लाल झाले होते. मला वाटलं आता म्हणेल, छे ताई, माझ्या मनातही नव्हतं. तसं म्हणाली असती तर मी दार आपटून निघून गेले असते, आणि आयुष्यभर तिचं तोंड बघितलं नसतं.

"माहीत होतं," ती म्हणाली. "मॅच वाचवायची होती. पदही हवं होतं. एकाच वाक्यात दोन्ही होतं, ताई. मी काय करू?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं का कशाचं ते विचारू नका. इतके दिवस मी तिच्या फोनवर, तिच्या पेल्यावर, तिच्या नाडीवर संशय घेतला होता. त्या खोलीत, ते वाक्य ऐकल्यावर, पहिल्यांदा माझा तिच्यावर विश्वास बसला.

"याल का?" तिने विचारलं. "नॅपकिन घालून?"

मी खाली ठेवलेला पंप उचलला. नळी बॉलमध्ये खुपसली. "तुझे हात काय करतात?" मी म्हटलं.

"म्हणजे?"

"तू उभी राहिलीस की तुझे हात काय करतात? काहीतरी ओढत असशील, खाजवत असशील. सगळ्यांचे हात काहीतरी करतात. मी कधी बघितलंच नाही, मला कायम तुझी पाठच दिसली."

तिने स्वतःच्या हातांकडे असं पाहिलं जसे ते दुसऱ्या कुणाचे आहेत. "मला नाही माहीत."

"तुला कसं माहीत असणार!" मी हवा भरायला लागले. "येते मी. पण नजर ठेवायला येतेय, लक्षात ठेव. आणि उभी राहीन ती तुझ्या पुढे."